कंपनसंख्या आणि जवारी : सांगली-मिरज परिसरातील नादविचाराचा एक अध्याय

१

कृष्णाकाठच्या सांगली-मिरज परिसराचे महाराष्ट्राच्या संगीतेतिहासातील स्थान सर्वश्रुत आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी मिरजेस आपली विद्या शिष्यांस दिली. विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्यापाशी येथेच शिकले आणि १८९६ मध्ये येथूनच बाहेर पडले. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) यांनी मिरजेस आपले घर केले, आणि त्यांची समाधीही मिरजेतच आहे. शेजारच्या सातारा जिल्ह्यातील औंध येथे बाळकृष्णबुवांचेच शिष्य अंतुबुवा जोशी यांनी १९४० मध्ये संगीतोत्सवाची प्रथा घातली. हे दोन जिल्हे आज वेगळे असले, तरी त्यांची शासकीय घडण एकमेकांत गुंतलेली आहे. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १९४९ मध्ये जुन्या सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके आणि सांगली, मिरज आदी संस्थानांचा मुलूख मिळून ‘दक्षिण सातारा’ जिल्हा करण्यात आला, व १९६० मध्ये त्यास ‘सांगली’ हे नाव मिळाले.

गायकांच्या या परंपरेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. तथापि याच परिसरात नादाच्या स्वरूपाविषयी दोन भिन्न मार्गांनी जो विचार झाला, त्याची एकत्र दखल क्वचितच घेतली जाते. एक मार्ग मोजमापाचा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी स्वरांच्या कंपनसंख्या निश्चित करण्याचा जो प्रयत्न विसाव्या शतकाच्या आरंभी केला, तो या मार्गाचा प्रमुख टप्पा होय. दुसरा मार्ग हातकामाचा. मिरजेच्या सतारमेकर मंडळींनी तंबोऱ्याच्या घोडीवर कानस चालवून नादातील उपस्वरांचे प्रमाण साधण्याची जी विद्या पिढ्यान् पिढ्या जोपासली, तो हा मार्ग. पहिल्याने ग्रंथ दिले, दुसऱ्याने वाद्ये दिली. या दोहोंचा परस्परसंबंध काय, आणि एकाचे उत्तर दुसऱ्यावाचून पुरे होऊ शकते काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

कृष्णाजी बल्लाळ देवल हे इंग्रजी अमदानीत डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून सेवानिवृत्त झालेले गृहस्थ. १९१० मध्ये पुण्याहून त्यांचे ‘द हिंदु म्युझिकल स्केल अँड द ट्वेंटीटू श्रुतीज’ हे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. भरताच्या नाट्यशास्त्रात एका सप्तकात बावीस श्रुती सांगितल्या आहेत आणि षड्जग्रामात त्यांची वाटणी चार, तीन, दोन, चार, चार, तीन, दोन अशी केली आहे. परंतु श्रुती म्हणजे नेमके किती अंतर, हे भरताने संख्येने सांगितलेले नाही. त्याने दोन वीणांचा प्रयोग सांगितला आहे : एक वीणा अचल ठेवावी, दुसरीच्या तारा क्रमाक्रमाने उतरवीत जाव्या, आणि स्वर एकमेकांत कधी मिळतात ते कानाने पाहावे. अर्थात भरताच्या ठायी कान हेच मापन होते.

देवलांनी या कानाच्या निर्णयास संख्येचे रूप देण्याचे मनावर घेतले. त्यासाठी त्यांना एका अधिकारी गायकाची आवश्यकता होती, आणि तो त्यांना अब्दुल करीम खाँ यांच्या रूपाने लाभला. खाँसाहेबांचा स्वर अत्यंत सुरेल म्हणून प्रसिद्ध होता, आणि बीनवादनही त्यांस अवगत होते. निरनिराळ्या रागांतील त्यांचे स्वर तारेच्या लांबीशी ताडून त्यांची गुणोत्तरे काढावयाची, असा हा उपक्रम होता. तारेचा ताण व जाडी कायम असता तिची कंपनसंख्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात बदलते, हा नियम त्याच्या मुळाशी आहे : तार निम्मी केली की तारषड्ज, दोनतृतीयांश ठेवली की पंचम.

देवलांचे सहकारी अर्नेस्ट क्लेमंट्स हे मुंबई इलाख्यातील सनदी अधिकारी होते. त्यांनी १९१३ मध्ये लंडन येथे ‘इंट्रोडक्शन टु द स्टडी ऑफ इंडियन म्युझिक’ हा ग्रंथ प्रसिद्ध करून देवलांचे कार्य पाश्चात्त्य वाचकांपुढे मांडले. एक मराठी पेन्शनर, एक मुसलमान गवई आणि एक इंग्रज अधिकारी यांनी एका प्रश्नाभोवती एकत्र यावे, ही त्या काळी सामान्य गोष्ट नव्हती. शास्त्र जाणणारा आणि गाणारा यांमधील अंतर मोठे असताना प्रत्यक्ष गायकाच्या कंठास प्रमाण मानणे, हे या उद्योगाचे निर्विवाद श्रेय होय.

३

देवलांच्या प्रयत्नाचे महत्त्व ध्यानी येण्यासाठी थोडे अंकगणित पाहणे अवश्य आहे. हिंदी संगीतशास्त्राच्या पुस्तकांतील रूढीप्रमाणे मध्यषड्जास दर सेकंदास २४० कंपने धरली, तर पंचमास ३६०, शुद्ध मध्यमास ३२० आणि शुद्ध गंधारास ३०० कंपने येतात. येथे गंधाराचे षड्जाशी गुणोत्तर ५:४ होते. परंतु षड्जावरून पंचम, त्या पंचमावरून पुन्हा पंचम असे चार वेळा चढून मिळणारा गंधार सप्तकात आणला, तर त्याचे गुणोत्तर ८१:६४, म्हणजे कंपनसंख्या ३०३.७५ येते. या दोन गंधारांतील अंतर ८१:८० एवढे आहे. आधुनिक विवेचक यालाच प्रमाणश्रुती म्हणतात.

तिसरा गंधार पेटीचा. पाश्चात्त्य वाद्यांत सप्तकाचे बारा सारखे भाग करतात. त्या पद्धतीने गंधाराची कंपनसंख्या सुमारे ३०२.४ येते. तो ३०० चाही नव्हे आणि ३०३.७५ चाही नव्हे. संख्येत हा फरक क्षुल्लक भासतो, पण तंबोऱ्यापुढे तो लपत नाही. तंबोऱ्याची खरजाची तार १२० कंपनांची असेल, तर तिच्यात १२० बरोबरच २४०, ३६०, ४८०, ६०० असे उपस्वर निघतात. यांतील पाचवा, ६०० चा, हाच गवयांच्या परिचयाचा ‘स्वयंभू गंधार’ होय. गायकाने ३०० चा गंधार लावला, तर त्याच्या स्वरातील दुसरा उपस्वर ६०० वर येऊन तंबोऱ्यात मिसळून जातो. पेटीच्या गंधाराचा दुसरा उपस्वर मात्र सुमारे ६०४.८ वर पडतो. दोहोंच्या संयोगाने सेकंदास जवळजवळ पाच वेळा नाद कमीअधिक होतो, आणि हा कंप विस्पंद म्हणून कानास जाणवतो. पेटीचा गंधार ‘बोचतो’ असे जुने गवई म्हणत, त्यामागील एक भौतिक कारण हे आहे.

बावीस श्रुतींचा हिशेबही या गुणोत्तरांतून बसविता येतो. २५६:२४३, २५:२४ आणि ८१:८० अशी तीन मापे घेऊन पहिले सात वेळा, दुसरे पाच वेळा व तिसरे दहा वेळा योजिले, तर बरोबर बावीस पायऱ्यांत एक सप्तक पुरे होते. संख्यांची ही जुळणी इतकी नेटकी आहे की, तिच्या मोहात पडणे स्वाभाविक होते.

४

कागदावरील सिद्धांत वाद्यात उतरविण्यासाठी देवल आणि क्लेमंट्स यांनी श्रुतींची हार्मोनियम विलायतेत तयार करवून घेतली. १९१६ च्या मार्च महिन्यात सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने बडोदे येथे पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. विष्णु नारायण भातखंडे हे तिचे प्रमुख सूत्रधार होते. या परिषदेत श्रुति-हार्मोनियम विद्वान व कलावंत यांच्यापुढे ठेवण्यात आली, पण तिला सर्वमान्यता मिळाली नाही. गायकांचे स्वर आणि पेटीच्या पट्ट्या यांचा मेळ बसतो, याविषयी उपस्थितांचे समाधान झाले नाही.

या अपयशाची मीमांसा दोन प्रकारे करता येते. भातखंड्यांचा मूलभूत आक्षेप असा की, प्राचीन ग्रंथकारांनी कंपनसंख्या दिलेल्याच नाहीत. तेव्हा आजच्या गवयाच्या गळ्यावरून काढलेले आकडे भरताच्या माथी मारणे युक्त नव्हे. प्रचारातील संगीताची व्यवस्था लावण्यास बारा स्वर पुरेसे आहेत, अशी त्यांची व्यवहारी भूमिका होती. हा आक्षेप ऐतिहासिक दृष्ट्या बिनतोड आहे. भरताच्या काळचे ग्राम-मूर्च्छनेचे संगीत आणि अचल षड्जावर उभे असलेले विसाव्या शतकातील रागसंगीत यांच्या मध्ये अनेक शतकांची स्थित्यंतरे पडली आहेत.

दुसरी अडचण प्रयोगाची आहे. एका गायकाच्या कंठावरून सर्व गायकांचा नियम ठरविता येत नाही. पुढे १९६३ मध्ये नझीर जयराजभॉय व ए. डब्ल्यू. स्टोन यांनी, आणि १९८२ मध्ये मार्क लेव्ही यांनी ध्वनिमुद्रिकांवरून हिंदुस्थानी कलावंतांच्या स्वरांची उपकरणांनी मोजणी केली. तीत एकाच स्वराच्या कंपनसंख्येत कलावंतागणिक, इतकेच नव्हे तर एकाच कलावंताच्या एकाच गायनातही, लक्षणीय चढउतार आढळला. बावीस ठरीव बिंदूंपैकी एकावर स्वर नेमाने येऊन थांबतो, या कल्पनेस त्या मोजणीने आधार दिला नाही. पेटीच्या सुरेलपणाचा वाद मात्र चालूच राहिला. नभोवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ पर्यंत उठली नाही. बावीस श्रुतींची पेटी घडविण्याचा ध्यासही संपला नाही. अलीकडील काळात डॉ. विद्याधर ओक यांनी तशी पेटी सिद्ध केली.

५

देवल सांगलीच्या परिसरात तारेवर आकडे शोधीत होते, त्याच्या पुष्कळ आधीपासून तेथून काही मैलांवरच्या मिरजेत तारेवरच निराळे काम चालू होते. मिरजेचे वाद्यकारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे हत्यारांना पाणी देणारे व धार लावणारे. इंग्रजी अंमल बसल्यावर हत्यारांचे काम आटले, तेव्हा या समाजातील काहींनी एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये बनविण्याचा उद्योग धरला. परंपरेने या उद्योगाचे मूळपुरुष म्हणून फरीदसाहेबांचे नाव घेतले जाते. पुढे ‘सतारमेकर’ हे त्यांचे आडनावच झाले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीस व तंबोऱ्यास भौगोलिक मानांकन मिळाले, ही या कारागिरीस लाभलेली शासकीय मान्यता होय.

तंबोऱ्याचा भोपळा, दांडी, तबली, खुंट्या ही अंगे महत्त्वाची खरीच; परंतु त्याचा प्राण घोडीत आहे. सामान्य तंतुवाद्यात तार घोडीच्या धारेवर टेकते व तिची लांबी तेथे निश्चित तुटते. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिचा पृष्ठभाग किंचित उतरता व गोलाई दिलेला असतो. कंप पावणारी तार या उतारास क्षणोक्षणी स्पर्श करते व सुटते. हा उतार कानशीने घासून, पुनःपुन्हा तार छेडून व ऐकून योग्य त्या गोलाईस आणणे, यास ‘जवारी काढणे’ म्हणतात. शेवटी तार व घोडी यांमध्ये सुताचा दोरा सरकविला जातो. दोरा केसभर पुढेमागे होताच नाद मिटतो अथवा उमलतो. घोडीच्या खालच्या अंगास असलेले मणी सरकवून स्वराची उरलीसुरली कसर काढतात.

या क्रियेचे शास्त्रीय स्वरूप चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ च्या सुमारास हिंदी तंतुवाद्यांविषयीच्या आपल्या निबंधात उलगडून दाखविले. टॉमस यंगच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमानुसार, ज्या बिंदूवर एखाद्या उपस्वराचा निस्पंद असतो त्याच बिंदूवर तार छेडली, तर तो उपस्वर निघू नये. उदाहरणार्थ, तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा हे उपस्वर लोपले पाहिजेत. तंबोरा व वीणा यांत मात्र हे उपस्वर स्पष्ट ऐकू येतात, असे रामन यांना आढळले. कारण घोडीच्या वक्र पृष्ठाशी होणारा तारेचा संबंध हाच नव्या उपस्वरांचा उगम होतो. तारेची शक्ती खालच्या कंपनांतून वरच्या कंपनांत वाहते. म्हणून तंबोऱ्याचा नाद छेडल्यावर एकदम न विरता, उपस्वरांमागून उपस्वर उजळीत जातो.

६

येथे दोन प्रश्न वेगळे करणे आवश्यक आहे. नादात कोणकोणती कंपने आहेत, हा पहिला प्रश्न. आणि प्रत्येक कंपनाचे बळ किती आहे, हा दुसरा. देवल पहिल्याचा शोध घेत होते, सतारमेकर दुसऱ्याची साधना करीत होते. आज घरोघरी व मोटारगाड्यांतही असलेल्या ध्वनियंत्रांतील इक्वलायझरमुळे हा भेद सामान्य श्रोत्याच्या हाती आला आहे. प्रचलित दहा पट्ट्यांच्या इक्वलायझरवर ३१, ६२, १२५, २५०, ५००, १०००, २०००, ४०००, ८००० आणि १६००० असे आकडे असतात. प्रत्येक आकडा मागल्याच्या सुमारे दुप्पट, म्हणजे संगीताच्या परिभाषेत प्रत्येक पट्टी एकेका सप्तकाची. वर घेतलेला १२० चा खरज १२५ च्या पट्टीत पडतो. ५०० च्या पट्टीत त्याचे तिसरा, चौथा व पाचवा हे तीन उपस्वर येतात. १००० च्या पट्टीत सहाव्यापासून अकराव्यापर्यंतचे सहा, आणि २००० च्या पट्टीत बाराव्यापासून तेविसाव्यापर्यंतचे बारा.

यावरून काही गोष्टी उघड होतात. ५०० ची पट्टी उतरविली, तर खरज कायम राहूनही स्वयंभू गंधार मंदावतो. २००० ची पट्टी चढविली, तर तंबोरा झगझगीत वाटतो. कारण मनुष्याचा कान साधारणतः २००० ते ५००० कंपनांच्या टापूत सर्वांत तीक्ष्ण असतो. धावत्या मोटारीत चाकांचा व यंत्राचा घोष मुख्यतः खालच्या सप्तकांत असल्याने खरज बुडतो, व ती उणीव खालची पट्टी चढवून अंशतः भरता येते. पण कोणतीही पट्टी सरकविली, तरी ३०२.४ चा गंधार ३०० चा होत नाही. इक्वलायझर बळ बदलतो, स्थान बदलत नाही. आणखी एक मर्यादा आहे. जे कंपन मूळ नादात नाही, ते पट्टी चढवून निर्माण होत नाही. जवारीचे श्रेष्ठत्व येथे दिसते : ती असलेल्या उपस्वरांचा समतोल तर साधतेच, शिवाय नसलेले उपस्वर तारेतून जन्मास घालते.

७

हे दोन प्रश्न वेगळे असले, तरी गायनाच्या वेळी ते एकमेकांवर अवलंबून असतात, आणि देवलांच्या प्रयोगाच्या मूल्यमापनात हाच मुद्दा निर्णायक ठरतो. गायक शून्यातून गंधार लावीत नाही. तो तंबोऱ्यात ऐकू येणाऱ्या पाचव्या उपस्वराशी आपला स्वर मिळवितो. तो उपस्वर ठळक असेल, तर ३०० पासूनचे थोडेही स्खलन विस्पंदरूपाने त्यास टोचते. जवारी बंद असेल व तो उपस्वर क्षीण असेल, तर त्याच गायकाचा गंधार काही कंपने वरखाली झाला तरी कानास खटकणार नाही. गायकाच्या स्वराचे स्थान किती काटेकोर राहील, हे अशा रीतीने तंबोऱ्यातील उपस्वरांच्या बळावर, म्हणजे अंती घोडी घासणाऱ्या हातावर, बऱ्याच अंशी अवलंबून असते.

हा निष्कर्ष मान्य केला, तर श्रुतीचा वाद थोडा निराळा दिसू लागतो. देवलांनी काढलेली साधी गुणोत्तरे खोटी नव्हती. गंधाराच्या बाबतीत ३०० हा आकडा तारेच्या स्वभावातच आहे. परंतु तो आकडा गळ्यात कायमचा कोरलेला नसून तंबोऱ्याच्या सान्निध्यात वेळोवेळी साधला जाणारा आहे. श्रुति-हार्मोनियमने आकडा अचूक धरला, पण ज्या सजीव व्यवहारातून तो आकडा उद्भवतो त्यास तीत स्थान नव्हते. पट्टी दाबली की स्वर सिद्ध. त्यास शोधावयाचे वा मिळवावयाचे काही उरत नाही. आंदोलित गंधार वा मींड यांचे तर ती बोलूनचालून अनुकरण करू शकत नव्हती. बडोद्यास कलावंतांनी जे नाकारले, ते मोजमाप नव्हे; स्वर हा एक गोठविलेला बिंदू आहे, ही कल्पना त्यांनी नाकारली, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल.

उलट पक्षी, सतारमेकरांच्या विद्येचीही एक मर्यादा नोंदली पाहिजे. ती हाताकडून हाताकडे गेली. तिचे लेखन फार थोडे झाले. घोडीची गोलाई किती, दोरा कोठे, कोणत्या आवाजास कोणती जवारी, यांची उत्तरे कारागिराच्या कानात राहिली. तयार ध्वनी देणारे विद्युत-तंबोरे विसाव्या शतकाच्या अखेरीस घरोघर पोचले, तेव्हा या विद्येची गरज रोजच्या रियाजातून कमी झाली. मिळविण्याचे श्रम वाचले. त्याबरोबर मिळविताना कानास जे शिक्षण घडत असे, तेही उणावले. भौगोलिक मानांकनाने वाद्याचे नाव सुरक्षित झाले आहे; ऐकण्याची ती रीत केवळ नावाने सुरक्षित राहणार नाही.

देवलांना संख्या हवी होती आणि सतारमेकरांना नाद. दोघेही एकाच तारेपाशी, एकमेकांपासून काही मैलांच्या अंतरावर आपापले काम करीत होते. देवलांच्या पद्धतीने मिरजेच्या घोडीचे मोजमाप व्हावे, कोणत्या गोलाईने कोणते उपस्वर बळावतात याची कारागिरांच्या सहकार्याने नोंद व्हावी, आणि त्या तंबोऱ्यांपुढे गायकांचे स्वर पुन्हा तपासले जावेत, हे कार्य आजच्या साधनांनी सुलभ आहे. १९१० च्या पुस्तकाने उपस्थित केलेल्या प्रश्नाची पुढची पायरी तीच होय.